असिस्टेड लिव्हिंग सुरू करताय? आधी ठरवा, आत कोणाला घेणार

‘वृद्धाश्रमाचं लायसन कुठे मिळतं?’ असं विचारत कोणी आलं की माझं पहिलंच उत्तर त्यांना निराश करतं. महाराष्ट्रात खाजगी वृद्धाश्रमाला, ज्येष्ठ निवासाला किंवा हल्लीच्या भाषेत असिस्टेड लिव्हिंगला असं एक, एकाच खिडकीवर मिळणारं लायसन नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे, पण त्यात खाजगी निवासांची सक्तीची नोंदणी नाही. ती आणण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही संपलं.

हे ऐकून काही जणांचा चेहरा खुलतो. म्हणजे काहीच लागत नाही तर! इथेच सगळं बिघडतं. एक लायसन नाही म्हणून दहा ठिकाणी जावं लागतं. स्वयंपाक केला की अन्न व औषध प्रशासन आलं, इंजेक्शन दिलं की प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं, खाटेला खिळलेल्या आजोबांवर उपचार सुरू केले की शुश्रूषागृहाचा कायदा आला. दारावर ‘आनंदघर’ लिहा नाहीतर ‘सावली’, अधिकारी आत काय चालतं तेच बघणार.

पुणे जिल्ह्यात आमचं एक छोटं निवास आहे. ते उभं करताना जो क्रम उपयोगी पडला तो इथे देते. नियम बदलत असतात, त्यामुळे शुल्क आणि अर्जाचे नमुने त्या त्या पोर्टलवर पाहूनच भरा.

१. सगळ्यात आधी: दारातून कोण आत येणार?

जागा, नाव, रंगसंगती, सगळं नंतर. आधी एका कागदावर लिहा की तुम्ही कोणाला घेणार आणि कोणाला नाही. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, आणि तो कोणतंही कार्यालय तुमच्याकडे मागत नाही.

चालतेफिरते, स्वतःची आंघोळ स्वतः करणारे, गोळ्या हातात दिल्या की घेणारे ज्येष्ठ असतील तर तुम्ही मूलतः राहण्या-जेवण्याची सोय देताय. पॅरॅलिसिस झालेले, नाकात रायल्स ट्यूब (पोटात अन्न देण्याची नळी) असलेले, कॅथेटर (लघवीची नळी) लावलेले, बेडसोरचं (पडून राहून झालेल्या जखमांचं) ड्रेसिंग लागणारे रहिवासी घेतलेत तर उपचार आणि शुश्रूषा सुरू झाली. स्मृतिभ्रंशाचे रहिवासी घेतलेत, विशेषतः जे रात्री उठून गेटकडे जातात, तर तिसराच कायदा लागू होण्याची शक्यता निर्माण झाली.

अडचण अशी की माणूस एका गटात राहत नाही. चालत आलेल्या आजी दोन वर्षांनी खुब्याचं हाड मोडून खाटेवर येतात. त्यांना काढणार का? बहुतेक जण काढत नाहीत आणि काढूही नये. पण मग तुमची नोंदणी पहिल्या दिवसापासून दुसऱ्या गटाला पुरेल अशी हवी. ‘आधी साधे रहिवासी घेऊ, नर्सिंगचं नंतर बघू’ हे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखं आहे.

२. संस्था कोणत्या नावाने

रस्ते मुख्यतः तीन.

ना-नफा करायचं असेल तर किमान सात सभासद जमवून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था, आणि त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. दुसरा रस्ता, तोही ना-नफाच, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी. तिसरा सरळ व्यवसाय: एकट्याची मालकी, भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड. व्यवसाय म्हणून चालवण्यात काही कमीपणा नाही. उलट ट्रस्टच्या नावाखाली घरचा धंदा चालवणाऱ्यांपेक्षा तो प्रामाणिक.

जुनी ‘बहुउद्देशीय’ संस्था कोणाकडे तरी पडून असते आणि ‘तीच वापरू’ असा सल्ला मिळतो. घेण्याआधी तिची घटना वाचा. उद्देशांत ज्येष्ठांचं निवासस्थान आणि शुश्रूषा स्पष्ट लिहिलेली नसेल, तर आयकर सवलतीच्या अर्जापासून अनुदानापर्यंत प्रत्येक टेबलावर तो प्रश्न निघतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. कित्येक संस्थांचे दहा-दहा वर्षांचे बदल अर्ज थकलेले असतात, आणि कागदोपत्री अजून दिवंगत अध्यक्षच अध्यक्ष असतात. अशी संस्था फुकट मिळाली तरी महाग.

३. जागा

गावाबाहेर, झाडं, शांतता, स्वस्त जमीन. सगळ्यांना हेच हवं असतं. पण सातबारावर शेती असलेल्या जमिनीवर थेट निवास बांधता येत नाही. जमीन बिगरशेती म्हणजे एनए वापरात आणावी लागते आणि बांधकाम आराखड्याची मंजुरी लागते. शिवाय कुळकायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही आणि ट्रस्ट काही शेतकरी नसतो. दलाल ‘नंतर करून घेऊ’ म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवा.

भाड्याचा बंगला घेत असाल तर तीन गोष्टी बघा. भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि त्यात वापर काय लिहिलाय. सोसायटीत असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र. आणि करार किती वर्षांचा. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर वीस ज्येष्ठांचं घर उभं करणं धोक्याचं आहे. मालकाने मुलाच्या लग्नाचं कारण देऊन जागा मागितली तर तुम्ही वीस जणांना कुठे नेणार? करार किमान तीन ते पाच वर्षांचा, मध्येच काढता न येण्याच्या अटीसह, आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. करारात वापराचा हेतू ‘निवासी’ एवढाच नको, ‘ज्येष्ठ नागरिकांचं निवास व शुश्रूषा’ असा लिहून घ्या.

तळमजला मिळाला तर सोनं. वरचे मजले असतील तर लिफ्ट लागेल, तिचा परवाना आणि नियमित तपासणी लागेल, आणि स्ट्रेचर मावेल एवढी ती रुंद लागेल. शेवटची गोष्ट टेप लावून स्वतः मोजा. बिल्डरच्या माहितीपत्रकात सगळ्याच लिफ्ट रुंद असतात.

फ्लॅट बांधून ज्येष्ठांना विकायचा विचार असेल तर तो वेगळा विषय. तिथे रेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचा कायदा आणि महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाचे नियम लागतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

४. अग्निसुरक्षा

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये वृद्ध आणि अपंगांची निवासं घरांच्या वर्गात नाहीत, ती संस्थात्मक वर्गात येतात. कारण उघड आहे, धूर झाला तर आतली माणसं स्वतःहून पळू शकत नाहीत. महाराष्ट्रात यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा बसवायची, त्यांच्याकडून ‘नमुना अ’ घ्यायचा, आणि मग दरवर्षी जानेवारी आणि जुलैत ‘नमुना ब’ म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र सादर करायचं. लोक पहिलं ना-हरकत घेतात आणि नमुना ब विसरतात.

कागदावर नसलेल्या दोन गोष्टी. खिडक्यांना बसवलेल्या घट्ट जाळ्यांपैकी किमान एक आतून उघडणारी ठेवा. आणि रात्रपाळीच्या मावशींना विचारा: ‘मेन स्विच कुठे आहे?’ उत्तर येईपर्यंत अग्निशमनचा अर्ज भरू नका.

५. शुश्रूषागृह नोंदणी आणि मानसिक आरोग्य कायदा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो, म्हणून जरा सविस्तर.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम चालतो. त्याच्या व्याख्येत आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून त्यांना उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा येते. ‘दुर्बलता’ आणि ‘शुश्रूषा’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. चोवीस तास नर्स, सलाइन, ट्यूब फीडिंग देत असाल तर ‘आम्ही हॉस्पिटल नाही हो’ हे उत्तर टिकत नाही.

महापालिका हद्दीत अर्ज महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण भागात साधारणपणे जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाकडे. नोंदणी तीन वर्षांची असते. पात्र डॉक्टर, नोंदणीकृत नर्स, जागेचे मोजमाप, अग्निसुरक्षा, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार हे सगळं याच अर्जाला जोडावं लागतं, म्हणून हा अर्ज शेवटी जातो पण त्याची तयारी आधी सुरू होते. २०२१ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे.

तुम्ही खरोखरच फक्त चालतेफिरते घेत असाल तर? तरी त्या कार्यालयाला पत्र द्या: आम्ही अमुक सेवा देतो, अमुक देत नाही, आम्हाला नोंदणी लागू आहे का कळवावे. आवक क्रमांकासह पोच घ्या. उत्तर येईल न येईल, सरकारी काम आणि सहा महिने थांब हे आपल्याला नवीन नाही. पण उद्या तक्रार झाली तर तुम्ही लपवलं नव्हतं हे त्या पोचेवरून दिसतं.

स्मृतिभ्रंशाचा विचार वेगळा करा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांच्या गंभीर विकाराचा उल्लेख आहे. आणि अशा व्यक्तींना काळजी किंवा उपचारांसाठी ठेवून घेणारी संस्था, मग ती ट्रस्टची असो वा खाजगी, अंशतः जरी त्यासाठी असली तरी ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरू शकते. नातेवाइकांसोबतचं घर त्यातून वगळलेलं आहे, तुमचं निवास नाही. ‘डिमेन्शिया केअर’ अशी जाहिरात करणार असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणीचा अर्ज करा. आधी बारा महिन्यांची तात्पुरती नोंदणी मिळते. नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्या वेळी पाच ते पन्नास हजार, दुसऱ्या वेळी दोन लाखांपर्यंत आणि पुढे पाच लाखांपर्यंत दंड आहे.

दंडापेक्षाही महत्त्वाचं आहे ते बांधून ठेवण्याचं. ‘आजी रात्री उठतात, पडतील’ म्हणून ओढणीने हात खाटेला बांधणं अनेक ठिकाणी सर्रास चालतं. या कायद्यात साखळदंड पूर्ण निषिद्ध आहे. शारीरिक बंधन फक्त तातडीचा धोका टाळण्यासाठी, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, लेखी नोंद करून घालता येतं, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्या व्यक्तीच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवावं लागतं. कर्मचारी कमी आहेत, हे कारण त्यात बसत नाही. खाट खाली घ्या, बाजूला गादी टाका, रात्रीचं माणूस वाढवा.

६. स्वयंपाकघर

‘आम्ही धर्मादाय आहोत, विकत नाही’ असं सांगून सुटका नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अन्न व्यवसायाची व्याख्या नफा असो वा नसो, अशीच आहे. उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना. फॉसकॉस या अन्नपरवान्यांच्या सरकारी पोर्टलवर अर्ज होतो. चौदा अंकी क्रमांक स्वयंपाकघरात लावा. पाण्याचा तपासणी अहवाल, आचाऱ्यांची वैद्यकीय तपासणी आणि कीडनियंत्रणाच्या पावत्या फाइलला लावा.

आपल्याकडचा खास प्रश्न अन्नदानाचा. वाढदिवस, श्राद्ध, पुण्यतिथी आली की लोक पातेली भरून बासुंदी-पुरी घेऊन दारात उभे राहतात. भावना मोठी असते आणि आजोबांची साखर चारशेवर असते. बाहेरचं शिजवलेलं अन्न घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. शिधा द्या किंवा पैसे द्या, आम्ही इथे शिजवतो, तुम्ही वाढायला या, असं सांगा. बरेच जण ऐकतात. काही जण रागावून जातात. जाऊ द्या. विषबाधा झाली तर पातेलं आणणाऱ्याला कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक जेवणाचा वाटीभर नमुना फ्रिजमध्ये तारीख घालून ठेवण्याची सवयही लावा.

७. जैववैद्यकीय कचरा

इन्सुलिनची एक सुई रोज टाकत असलात तरी २०१६ चे नियम तुम्हाला दूरचे नाहीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राधिकारपत्र, आणि तुमच्या भागातल्या सामायिक प्रक्रिया केंद्राशी कचरा उचलण्याचा करार. रक्ताचं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. कॅथेटर, युरिन बॅग, रायल्स ट्यूब लाल. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

कचऱ्याचं सगळ्यात मोठं आकारमान मात्र डायपरचं असतं आणि त्यावरून घंटागाडीवाल्यांशी भांडणं होतात. संसर्ग नसलेल्या रहिवाशांचे डायपर वेगळे, गुंडाळून, खूण करून द्यायचे. कोणाकडे द्यायचे हे स्थानिक स्वराज्य संस्थेकडून लेखी घ्या. संसर्ग किंवा जखम असेल तर ते पिवळ्यात.

८. माणसं: मावशी, मामा आणि ब्युरो

इंजेक्शन, ट्यूब, कॅथेटर हे काम नोंदणीकृत नर्सचं, म्हणजे एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम झालेल्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेल्या व्यक्तीचं. ब्युरोतून, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून, आलेल्या मावशी कितीही अनुभवी असल्या तरी त्यांच्या हातात सिरिंज देऊ नका. नोंदणी प्रमाणपत्राची मुदत बघा, झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका. फिजिओथेरपिस्टचीही परिषदेतली नोंद तपासा.

प्रत्येकाला नेमणूकपत्र, पगार बँकेतून, हजेरीपट, साप्ताहिक सुटी. ‘इथेच राहते, चोवीस तास असतेच’ अशी ड्युटी कायद्यात बसत नाही आणि रात्री तीन वाजता ती माणुसकीतही बसत नाही. दहा कर्मचारी झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), वीस झाले की पीएफ. दहा झाले की लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती, बाहेरच्या एका सदस्यासह. आमच्या क्षेत्रात ती केवळ कागदी राहू नये, कारण मावशींना त्रास देणाऱ्यांत कधी कधी रहिवासीही असतात आणि ‘म्हातारं माणूस आहे, सोडून दे’ म्हणून विषय मिटवला जातो. आस्थापना नोंदणी आणि व्यवसाय कर हे सीएला सांगा, एका बैठकीत होतं.

ब्युरोकडून माणसं घेतली म्हणून जबाबदारी ब्युरोची होत नाही. पीएफ-ईएसआय भरल्याची चलनं दर महिन्याला मागा, आणि पोलीस पडताळणी तुमच्या नावाने स्वतः करून घ्या.

९. प्रवेशाचा करार

स्टॅम्प पेपरवर दोन पानी हमीपत्र लिहून घेण्याची पद्धत आहे: ‘काही झाल्यास संस्था जबाबदार नाही’. ग्राहक आयोगापुढे या वाक्याच्या भरवशावर उभं राहू नका. निष्काळजीपणाची जबाबदारी अशी एका ओळीने झटकता येत नाही.

करारात हे हवंच:

- सेवा कोणत्या, कोणत्या नाहीत. खर्च कशाचा वेगळा
- अनामत किती, परत कधी आणि किती दिवसांत
- शुल्कवाढ किती आणि केव्हा
- दुखणं वाढलं तर कोणत्या रुग्णालयात न्यायचं, निर्णय कोण घेणार, तो फोन उचलत नसेल तर दुसरा कोण
- कोणत्या कारणाने निवास सोडायला सांगता येईल आणि किती मुदत देऊन
- मृत्यूनंतर कोणाला कळवायचं, अंत्यसंस्कार कोण करणार
- रहिवाशाची स्वतःची सही किंवा अंगठा

शेवटच्या ओळीवर लोक अडखळतात. मुलगा सही करतो, पैसे भरतो, म्हणून तो मालक होत नाही. भान शाबूत असलेल्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवता येत नाही, मुलाने कितीही सांगितलं तरी. आजोबांना बाहेर चहाला जायचं असेल तर जाऊ द्या, नोंदवहीत वेळ लिहा.

प्रवेशाच्या वेळची कागदपत्रं: आधार, पॅन, तीन फोटो, जुने वैद्यकीय कागद, चालू औषधांची डॉक्टरांच्या सहीची यादी, विम्याची प्रत, पेन्शन बुकाची प्रत, दोन नातेवाइकांची ओळखपत्रं, आणि अंगावरच्या जखमा-दागिन्यांची दोन्ही बाजूंच्या सह्यांची नोंद. आल्या दिवशीच्या बेडसोरचा फोटो तारखेसह ठेवा. महिन्याभराने नागपूरची मुलगी भेटायला आली की पहिला प्रश्न त्याचाच निघतो.

आणि एक लक्ष्मणरेषा. रहिवाशाचं मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र, बँकेचं वारस नामांकन, यात तुम्ही, तुमचे नातेवाईक, कर्मचारी कुठेही नसावेत, साक्षीदार म्हणूनही नाही. ‘फ्लॅट संस्थेला देतो, मला शेवटपर्यंत सांभाळा’ असा प्रस्ताव येतो. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण परत करवू शकतं. सांभाळ झाला तरी भाचे-पुतणे कोर्टात जातातच.

१०. पैसे

जीएसटीची सूट सगळ्यांना नाही. सरकारी, किंवा आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमाला, ६० आणि त्यापुढच्या रहिवाशांकडून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत घेतलेल्या शुल्कावर सूट आहे, आणि त्या रकमेत राहणं, जेवण, देखभाल सगळं धरलेलं हवं. खाजगी व्यवसायाला ही सूट नाही. उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी. आरोग्यसेवेला वेगळी सूट आहे, पण तुमचं बिल त्यात किती बसतं हे सीएकडून लेखी घ्या.

अनामत २०,००० किंवा जास्त असेल तर रोख घेऊ नका. एकूणच रोख टाळा.

परदेशातल्या मुलांचा मुद्दा आपल्याकडे फार येतो. न्यू जर्सीतल्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. अमेरिकेचा पासपोर्ट असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, तो विदेशी स्रोत ठरतो आणि एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय त्याच्याकडून देणगी घेता येत नाही. आईच्या महिन्याच्या सेवेचं शुल्क ही वेगळी गोष्ट, त्याची पावती शुल्काचीच फाडा. ‘हजार डॉलर पाठवले, उरलेले देणगी समजा’ असा व्हॉट्सॲप आला तर उरलेले पुढच्या महिन्याच्या बिलात वळते करा किंवा परत पाठवा.

११. मुलांनी पैसे पाठवणं थांबवलं तर

होतं. आधी लेखी नोटीस, मग समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना कळवा, आणि मग प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात चरितार्थाचा अर्ज. रहिवासी स्वतः करू शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. मर्यादा दरमहा १०,००० रुपये, म्हणजे तुमचं बिल निघणार नाही, पण मुलं बोलायला लागतात. एल्डरलाइन १४५६७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांकही हाताशी ठेवा.

रहिवाशाला सरकारी रुग्णालयात ‘दाखल करून’ परत न आणणं, किंवा मुलाच्या दारात सोडून येणं, हे मनातही आणू नका. २००७ च्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये ज्येष्ठाला टाकून देण्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि ते फक्त मुलांना लागू नाही. ज्याच्याकडे देखभाल किंवा संरक्षण आहे त्या प्रत्येकाला आहे. म्हणजे तुम्हालाही.

१२. मृत्यू

मृत्यूची नोंद २१ दिवसांत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात वसतिगृह, धर्मशाळा, लॉजिंग अशा ठिकाणच्या मृत्यूची माहिती देण्याची जबाबदारी तिथल्या प्रमुखावर आहे. त्याच यादीत ताडीचं दुकानही आहे, कायदा कोणाला सोडत नाही. शुश्रूषागृह म्हणून नोंदणी असेल तर ती जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्याची.

खरी अडचण नोंदणीची नसते, दाखल्याची असते. पहाटे तीनला मृत्यू झाला आणि ज्यांनी कधी तपासलंच नाही अशा डॉक्टरांना बोलावलं तर ते मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर सही करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. मग पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. म्हणून ठरलेल्या डॉक्टरांची नियमित भेट, प्रत्येक रहिवाशाच्या कागदावर त्यांची तारखेसह नोंद, आणि रात्रीही येण्याचा लेखी करार हवा. हे पैसे वाचवण्याची जागा नाही.

पडून, गुदमरून, औषधाच्या गोंधळाने किंवा संशयास्पद मृत्यू झाला तर आधी पोलिसांना कळवायचं. खोली आवरायची नाही, चादर बदलायची नाही. कुटुंबाने ‘कशाला पोलीस’ म्हटलं तरी कळवायचंच.

कोणी कृत्रिम उपचार नकोत असं लिहून ठेवलं असेल तर ते दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेलं आहे का बघा, आणि प्रत रुग्णालयाच्या फाइलबरोबर जाईल असं करा. तसा कागद नसेल तर ‘आता पुरे’ हे तुम्ही ठरवू नका.

१३. तपासणीला लागणारी फाइल आणि वर्षाचं वेळापत्रक

कपाटात एकच जाड फाइल, वर अनुक्रमणिका: संस्थेची घटना आणि नोंदणी, जागेचा करार, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन कागद, लिफ्ट परवाना, शुश्रूषागृह किंवा मानसिक आरोग्य नोंदणी (किंवा विचारणा पत्राची पोच), अन्नपरवाना, कचऱ्याचं प्राधिकारपत्र आणि करार, डॉक्टर-नर्सच्या नोंदणीच्या प्रती, कर्मचारी फाइल्स, पोलीस पडताळणी. वेगळ्या नोंदवह्या: रहिवासी, अभ्यागत, औषधं, पडणं-झडणं, तक्रारी, रात्रपाळीचा अहवाल. औषधं प्रत्येकाच्या नावाच्या डब्यात, त्याच्या चिठ्ठीप्रमाणे. मेलेल्या रहिवाशाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला वापरायच्या नाहीत.

जानेवारी आणि जुलै नमुना ब. मार्चअखेर शुश्रूषागृह नोंदणीची मुदत बघा, आणि हिशेबनिसाला ऑडिटची तारीख द्या. ऑक्टोबरपासून ८० वर्षांवरच्या केंद्र सरकारी पेन्शनरांचे हयातीचे दाखले, नोव्हेंबरात बाकीच्यांचे. मोबाइलवर चेहरा दाखवून होतात, मोतीबिंदू झालेल्यांना थोडा जास्त वेळ ठेवा. अन्नपरवान्याला मुदत असेल तर ती संपायच्या दोन महिने आधी फोनमध्ये गजर लावा, कारण त्याची आठवण करून द्यायला कोणी येत नाही.

तपासणीला अधिकारी आले की चहा द्या, फाइल द्या आणि नोंदवहीत त्यांचं नाव, हुद्दा, वेळ लिहून सही घ्या. त्रुटी सांगितल्या तर त्या लेखी मागा आणि पूर्तता केल्यावर त्याचीही पोच घ्या. ‘वर काहीतरी बघून घेऊ’ असं कोणी सुचवलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.